मीठ मारलेला बर्फ

वारा सकाळपासून पडला होता. खाडीवर मळभ असं टेकलेलं की भाट्याच्या पुलावरून जाणारी एसटी निम्मी दिसायची, निम्मी नाही. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती किचकिच. अशा दिवसांत चिऱ्याच्या भिंतीला हात लावला तरी ओल हाताला येते आणि भिंतीवर हिरव्या-काळ्या बुरशीची नक्षी रातोरात उमटते. दवाखान्याच्या ओटीवरची ती नक्षी मथुरा नारळाच्या सोडणानं घासून काढत होती. आतली लादी फिनेलनं पुसून झाली होती, कात्र्या-चिमटे वाफेच्या डब्यात चढवले होते, लाल, पिवळा आणि निळा असे कचऱ्याचे तिन्ही डबे ओळीनं मांडले होते. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आज तपासणी होती.

मथुरा ही हरिश्चंद्र डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स. खारव्यांची पोर. न्हाती-धुती होईपर्यंत बंदरावर बर्फाच्या शेडमध्ये बसून कोळंबी सोलायची. एकदा सुरा तळहातात घुसला, बापूस तिला काखोटीला मारून इथं घेऊन आला, आणि डॉक्टर टाके घालत असताना ही पोर रडायची सोडून टाके कसे घालतात ते टक लावून बघत बसली. डॉक्टरांनी ते हेरलं. पुढं त्यांनीच तिला नर्सच्या कोर्सला धाडली, परत आली तशी पंखाखाली घेतली. तेव्हापासून खाडीच्या अलीकडची निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मली आणि सगळ्यांच्या दंडावर तिचीच सुई टोचली गेली. "मथुराबायचा हात म्हणजे पिसासारखा," असं बायका नळावर बोलायच्या. आजारी माणूस पहिल्यांदा विचारायचा, "मथुराबाय हाय काय?" आणि मग डॉक्टर आहेत का, ते. हे तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला तिला आवडायचं. का नाही आवडणार? नवऱ्याचं, दत्तारामचं, आयुष्य बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडण्यात गेलं. घराण्यात नाव म्हणून जे काही होतं ते तिच्या या हातानं कमावलेलं.

तपासणीचं खूळ काढलं पूर्वीनं. डॉक्टरांची मुलगी, तीही डॉक्टर, शिकून दोन वर्षांमागे घरी आली आणि बापाशेजारी खुर्ची टाकून बसली. आल्याआल्या तिनं औषधांच्या पुड्यांवर नावं लिहायला लावली, प्रत्येक रोग्यानंतर हात धुवायला लावले, आणि ते तीन डबे आणले. मथुरेनं त्या डब्यांचा पहिले काही दिवस राग राग केला. "कचरा तो कचरा. त्याला काय जातपात असते?" असं म्हणायची. पण शिकली. पूर्वीताय चिडायची नाही, दहादा सांगायची, हे मथुरेला आवडलं होतं.

आता झालं होतं असं, की मच्छीमारांच्या सोसायटीनं ठरवलं, खलाशांच्या विम्याला एकच दवाखाना धरायचा, आणि तो दर्जाचं प्रमाणपत्र असलेला. ते मिळालं नाही तर खाडीकाठची सगळी माणसं हायवेवरच्या नव्या काचेच्या हॉस्पिटलात जाणार. हरिश्चंद्र डॉक्टर म्हणाले, "जाऊ देत, मी म्हातारा झालो." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मथुरेला त्यांच्या घरच्या बाईनं सांगितलं होतं.

तपासणीला आली ती शिफा. चिपळूणची. डोक्याला फिकट रुमाल, खांद्याला पिशवी, वयानं पूर्वीएवढीच, आणि बोलणं मोजकं. ती स्वतः मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, मग या कामाला लागली. चहा घेतला, साखर कमी म्हणाली नाही की जास्त म्हणाली नाही, आणि उठली.

"सिस्टर, तुम्ही हात कसे धुता ते दाखवता?"

मथुरेनं धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. शिफा बघत राहिली. मग सुई तोडून कुठं टाकता, रक्त सांडलं तर काय करता, आग लागली तर नळकांडं कुठं आहे. मथुरा एकेकाचं उत्तर देत गेली. पोरगी चांगलं म्हणेना, वाईटही म्हणेना. हरिश्चंद्र डॉक्टर मागं मागं फिरत होते, लग्नाच्या बोलणीत मुलीचा बाप फिरतो तसे.

फ्रिजचं दार उघडल्यावर शिफानं नाक थोडं वर केलं.

"डॉक्टर, यात बांगडा होता का?"

"परवा," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. "घरचा फ्रिज बंद पडलाय."

पूर्वीनं डोळे मिटले.

"यात औषधांशिवाय काही नको. पुन्हा नको." शिफा हसली, पण थोडंच. फ्रिजमधला तापमापक तिनं उजेडाकडे धरून पाहिला, बाटल्यांच्या तारखा पाहिल्या. मग दार लावून विचारलं, "आषाढात वादळ झालं, तेव्हा इथली लाईट खूप वेळ गेली होती ना? ही इंजेक्शनं कशी सांभाळलीत?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. एवढा वेळ त्यांना सांगण्यासारखं काही मिळत नव्हतं, ते आता मिळालं.

"ते आमच्या मथुरेला विचारा. अख्खं बंदर काळोखात, झाडं पडलेली, आणि ही बया भर वादळात नवऱ्याला घेऊन आली. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून सगळी इंजेक्शनं त्यात घातली. एक थर बर्फाचा, एक बाटल्यांचा, एक बर्फाचा. सुरमई भरतात तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली तोवर पेटी थंडगार. मी सगळ्यांना सांगितलंय, हिनं माझा दवाखाना वाचवला."

शिफा मथुरेकडे वळली. "बर्फात थेट ठेवल्या? मध्ये कापड, कागद काही?"

"नाय," मथुरा म्हणाली.

"गोठल्या नव्हत्या ना?"

प्रश्न साधाच होता. पण तो विचारताना शिफाचा हात पिशवीच्या पट्ट्यावर थांबला, आणि कोळंबी सोलता सोलता माणसांची तोंडं वाचायला शिकलेल्या मथुरेला तेवढं पुरलं. या प्रश्नाचं एक उत्तर बरोबर होतं आणि एक चूक. ते चूक उत्तर तिच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं.

"नाय. गोठल्या नाय."

"बरं झालं," शिफा म्हणाली आणि पूर्वीला सांगू लागली. "ही धनुर्वाताची लस असते ना डॉक्टर, ती गरमीनं खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती एकदा गोठली की कायमची गेली. परत पातळ होते, दिसायला तशीच दिसते, पण आतलं औषध फुटलेलं असतं. टोचली काय, न टोचली काय."

पूर्वी मान हलवत होती. हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिला काही वाटलं नाही. बर्फ वितळतो तेव्हा त्यातली वस्तू गोठत नाही, एवढा हिशेब तिनं त्या वेळीच मनाशी केला होता. तिला मीठ ठाऊक नव्हतं.

मीठ फक्त मथुरेला आणि दत्तारामला ठाऊक होतं. बंदरावर लांब जायचा माल भरताना बर्फावर खडेमिठाची ओंजळ मारायची ही तिच्या बापसाची रीत. "नुसता बरफ गोंजारतो, मीठ मारलेला बरफ चावतो," असं तो म्हणायचा. महागातली कोळंबी तो तशीच भरायचा आणि ती दगडासारखी व्हायची. त्या वादळात मथुरेनं हेच केलं. दत्ताराम म्हणाला, "औषधाला मीठ?" तर ती म्हणाली, "बाटलीत थोडंच जातंय ते? भाईर मारतंय मी." सकाळी पेटी उघडली तर बाटल्या आतून पांढऱ्या फटफटीत, बर्फात राहिलेल्या माशाचा डोळा होतो तशा. एक तडकली होती. तिला वाटलं, पेटी उचलताना आपटली असेल, टाकून दिली. बाकीच्या थंड राहिल्या याचाच आनंद. कोर्सला एकच गोष्ट घोकून घेतली होती, गरम होऊ द्यायचं नाही. फार थंड झालं तर काय, हे कुणी सांगितलंच असलं तर तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कोकणात काय फार थंड व्हायचंय?

ती फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. घाम नुसता निथळत होता, तो मळभाचा की कशाचा, तिचं तिला कळेना.

एवढ्यात ओटीवर पायताणं वाजली. फारुक तांडेल आत आला. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, स्वतःची होडी असलेला माणूस. डावा हात लुंगीच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि तुकडा लाल.

"दाक्तरीनबाय, आज मावरं उलटं झालंय. गळाला मीच लागलोय."

पूर्वीनं त्याला टेबलावर बसवलं. मोठा गळ अंगठ्याच्या गादीत आरपार घुसला होता, गंजानं तपकिरी झालेला. तिनं सुन्न करायचं औषध दिलं, टोक कापलं, गळ मागं ओढून काढला. फारुक छताकडे बघत बडबडत होता, शिफाला विचारत होता, "तुमी कुणाच्या? चिपळूणच्या? मंग तुमच्यात लग्नाला वडे करतात ना जाडे?" शिफा हो म्हणाली. जखम धुऊन झाली. पूर्वी मान न वळवता म्हणाली, "मथुरामावशी, धनुर्वाताचं भरा."

मथुरेनं फ्रिज उघडला. बाटली काढली. सिरिंजचं वेष्टण फोडलं. हाताची सवय मोठी वाईट. मन जागच्या जागी थिजलं तरी हात आपले करत राहतात. बाटलीचं रबर तिनं पुसलं. सगळे तिच्याकडे बघत होते. शिफा तर बघणारच, सुई कशी भरते हेच तिला बघायचं होतं. हरिश्चंद्र डॉक्टर बघत होते, कारण या कामात मथुरेच्या तोडीचं कोणी नाही हे त्यांना पाहुणीला दाखवायचं होतं. फारुक बाही वर करून दंड पुढं धरून बसला होता, आणि त्याच्या नजरेत काळजी म्हणून नव्हती.

तेच तिला सोसेना. त्याच्या नजरेत काळजी असती तर कदाचित तिनं टोचलं असतं.

"पूर्वीताय, हे नको," ती म्हणाली. "ही बाटली गोठलेली व्हती."

पूर्वी जखमेवरून वळली. मग शिफा हळूच म्हणाली, "सिस्टर, मघाशी तुम्ही..."

"मघाशी खोटं बोलले मी. मीठ मारलेलं बर्फाला."

"मीठ?" डॉक्टर म्हणाले. "मीठ कशाला?"

"त्याशिवाय बरफ चावत नाय, दाक्तर. बापूस कोळंबीला मारायचा."

फारुकनं पुढं केलेला दंड हळूहळू मागं घेतला. "आयला. म्हणजे माझी कोळंबी होत होती."

कुणी हसलं नाही. शिफानं मथुरेच्या हातातून बाटली घेतली, पूर्वीला म्हणाली, "समोरच्या मेडिकलमधून एक नवीन मागवता?" मेडिकलवाला निलेश स्वतः रस्ता ओलांडून घेऊन आला आणि आतली हवा बघून दारातच थांबला. शिफानं दोन्ही बाटल्या एकदमच जोरानं हलवल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्हीत गढूळ पांढरं पाणी फिरत होतं. सगळे वाकून बघू लागले, फारुकसुद्धा रक्ताळलेला हात छातीशी धरून. आधी काहीच फरक नाही. मथुरेच्या मनात आलं, देवा, नसू दे. मग नवीन बाटली तशीच गढूळ राहिली आणि जुनीत कणी दिसू लागली. फाटलेल्या दुधासारखी. कणी खाली खाली बसत गेली आणि वर नितळ पाणी उरलं. कुणाला काही समजावायची गरज राहिली नाही.

नव्या बाटलीतलं इंजेक्शन पूर्वीनं फारुकला दिलं. मथुरेला 'भरा' म्हणाली नाही, स्वतः भरलं.

"आज माझी सही होणार नाही," शिफा म्हणाली. "मी पुन्हा येईन. पण त्या वेळी फ्रिज नंतर बघेन. वादळानंतर या बाटल्यांमधलं ज्यांना ज्यांना गेलंय, ते सगळे पुन्हा टोचून झालेत का, ते आधी बघेन."

हरिश्चंद्र डॉक्टर उठले आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून बसले.

"मावशी, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं," पूर्वी म्हणाली.

"तेव्हा ठाऊक कुठं व्हतं, की चुकलंय?"

"मघाशी होतं."

मथुरेनं नोंदवही काढून टेबलावर ठेवली. पूर्वीनं ते तिथंच सोडलं. तिनं फोन पुढं ओढला आणि दोघी कामाला लागल्या. वादळानंतर कुणाकुणाला टोचलं, ते नोंदीत होतंच. बरेचसे जवळपासचे होते. रिक्षा उलटून खरचटलेला नबील, कोयता लागलेली पावसची बागवाली, पत्रा लागलेली दोन भावंडं. फोन गेला तसे एकेक येतो म्हणाले. उरली गंगुबाई, जिला फोन नव्हता, आणि उरला नितेश.

नितेश हा खलाशी. होडीला रंग काढताना फळीतला गंजका खिळा त्याच्या टाचेत घुसला होता, चांगला खोलवर. मथुरेनंच धुतलं, मथुरेनंच टोचलं, आणि पट्टी बांधताना म्हणाली होती, "आता बिनघोर जा दर्यावर." तो गेला होता. त्याच्या होडीवर फोन लागत नव्हता. सोसायटीत जाऊन वायरलेसवरून बोलावं लागलं. तिथल्या माणसानं बरंच ओरडून विचारलं, आणि खरखरीतून ती होडी चालवणाऱ्या तांडेलाचा आवाज आला, "पायाला बरा हाय. पण कालपासून जेवत नाय तो. जबडा दुखतो म्हणतो. तोंड उघडत नाय."

धनुर्वात मथुरेनं एकदाच पाहिला होता, कोर्सला असताना. जबडा मिटलेला, पाठ धनुष्यासारखी ताणलेली एक बाई. ती वाचली नव्हती.

"त्याला म्हणावं होडी लगेच वळव," पूर्वी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "अॅम्ब्युलन्स बंदरावर उभी करते मी. मोठ्या हॉस्पिटलला कळवते. किती वेळ लागेल?"

तांडेलानं भरतीचा अंदाज घेतला. संध्याकाळ होईल, म्हणाला.

तो सगळा वेळ मथुरेनं काय करायचं? दवाखान्यात बसवेना. ती गंगुबाईला शोधायला मच्छी मार्केटात गेली.

गंगुबाई पाटीमागं बसली होती, पुढ्यात सौंदाळे, तोंडात पान. मागल्या महिन्यात पत्र्याच्या डब्यानं तिची पोटरी फाटली होती.

"बस गो मथुरा. घे, ताजे हायत."

"मावरं नाय घ्यायला आले. गंगुबाय, तुला मी टोचलं ना, ते औषध खराब झालेलं व्हतं. माझ्या हातनं. परत टोचून घ्यायला हवं."

गंगुबाईनं पान चघळायचं थांबवलं. "खराब म्हणजे?"

"मेलेलं. पाणी टोचल्यासारखं समज."

"आणि मी तुला दोन सौंदाळे दिले त्या दिवशी." गंगुबाईचा आवाज चढला, आणि मच्छीवालीचा आवाज चढला की तो अख्ख्या मार्केटाचा होतो. "ऐकलंत काय गो? ही मथुरा पाणी टोचते. पिसासारखा हात, पिसासारखा हात. हातात काय असंल तर ना लागंल."

बायका वळून बघायला लागल्या. कुणी काय, कुणी काय. मथुरा उभी राहिली. तिनं मान खाली घातली नाही की वर केली नाही. गंगुबाईचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "येतेस ना?"

"येतंय. पण तुझ्या हातनं नाय. दाक्तरीन टोचंल तर टोचून घेतंय."

"ती टोचंल."

ती परत निघाली तेव्हा पाठीमागं हसणं ऐकू येत होतं. एरवी तिनं मागं वळून एकेकीची वरात काढली असती. आज तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जबडा. तोंड उघडत नाही.

संध्याकाळी बंदरावर अॅम्ब्युलन्स उभी होती, पूर्वी हातात बॅटरी आणि लाकडी चपटी काडी घेऊन उभी होती, आणि थोडं बाजूला शिफा. तिची चिपळूणची गाडी कधीच निघून गेली होती. का थांबलात, असं तिला कुणी विचारलं नाही. नितेशची आई धक्क्याच्या कडेला उकिडवी बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिनं मथुरेकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

होडी मळभातून निघाली ती आधी इंजिनाचा आवाज, मग नाळ, होडीचं पुढचं टोक. इतकी सावकाश की मथुरेला वाटलं पाण्यात उतरून ओढावी. दोर फेकला, अडकला. नितेश उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एक हात गालावर. त्याला उभं पाहून पूर्वीनं श्वास सोडला, पण मथुरेनं नाही. तिनं होडीत उडीच टाकली, लुगडं चिखलानं भरलं तरी.

"तोंड उघड."

"मथुराबाय, काय झालं काय? होडी का वळवली?" दात आवळून बोलल्यासारखं बोलत होता.

"तोंड उघड म्हणते ना मेल्या."

त्यानं उघडलं. थोडंसंच, आणि कण्हला. पूर्वी खाली उतरली, बॅटरी मारली, आणि लाकडी काडी त्याच्या घशात पार मागं नेऊन टेकवली. मथुरेला ठाऊक होतं हे कशासाठी. धनुर्वात असला तर जबडा काडीवर आवळतो. नसला तर माणूस ओकतो.

नितेश ओकला. भडाभडा, पूर्वीच्या हातावर, स्वतःच्या टॉवेलवर, मथुरेच्या पायांवर. वर धक्क्यावर त्याची आई उठून उभी राहिली.

"मान वाकव. पाठ? पोट कडक आहे का? दाबते, सांग." पूर्वी सगळं बघत गेली, आणि मग पुन्हा बॅटरी मारून तोंडात बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "अक्कलदाढ आहे. गाल सुजलाय आतून. पू झालाय." ती मागं झाली आणि होडीच्या काठावर बसली. "दाढ आहे मावशी. नुसती दाढ."

"मंग दाढेसाठी अॅम्ब्युलन्स?" तांडेल म्हणाला. "माझं सगळं डिझेल फुकट."

मथुरेनं तांडेलाकडे लक्ष दिलं नाही. ती नितेशसमोर उभी राहिली आणि दर्यावरून आलेल्या त्याला तिनं सगळं सांगितलं. बर्फ, मीठ, गोठलेली बाटली, आणि सकाळचं ते खोटंही. "टाच बरी हाय, पण धोका टळला असं नाय. आता चांगलं औषध आणलंय. पूर्वीताय टोचंल. तू सांगशील तसं."

नितेशनं गाल धरून विचार केला. "पैलं मेलेलं व्हतं. हे जितं हाय ना?"

"जितं हाय. मेडिकलमधून आजच आणलंय, पूर्वीतायनं बघून घेतलंय."

"मंग दे ना तू. दाक्तरीनबायनं आत्ताच घशात काडी घातलीय, आता दंड तिला नाय देत मी."

पूर्वीनं पेटी मथुरेपुढं सरकवली. पेटीत पाण्यानं भरलेल्या थंड बाटल्या आणि मधोमध फडक्यात गुंडाळलेली लस. मथुरेनं हात धुतले, बाटलीतल्या पाण्यानं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. शिफा वरून बघत होती की नाही, ते तिनं पाहिलं नाही. भरलं, टोचलं.

"लागलं," नितेश म्हणाला.

"लागू दे," मथुरा म्हणाली.

दवाखान्यात परत आल्या तेव्हा हरिश्चंद्र डॉक्टर ओटीवर येऊन बसले होते. समोर गंगुबाई दंड पुढं करून बसलेली, पूर्वीची वाट बघत. मथुरेकडे तिनं पाहिलंच नाही. पूर्वी तिला आत घेऊन गेली.

"नितेश?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाढ हाय, दाक्तर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मीठ मारलंस असं तू मला त्याच दिवशी सांगितलं असतंस ना, तरी मी शाबासच म्हटलं असतं. हे मला तुझ्यावर ओरडायच्या आधी सुचायला हवं होतं."

"तुमी ओरडलात कुठं?"

"दार लावून बसलो. आपल्यात ते ओरडणंच." ते चष्मा पुसू लागले. "ती मुलगी पुन्हा येणार म्हणते. येईल तेव्हा येईल. पास होऊ, न होऊ. उद्यापासून त्या फ्रिजची किल्ली पूर्वीकडे आणि तुझ्याकडे. माझ्याकडे नको. मी त्यात बांगडा ठेवीन."

मथुरा हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. आत पूर्वीच्या हातची सुई लागल्यावर गंगुबाईचं "आय गो" ऐकू आलं. मथुरेला आत जावंसं वाटलं, कापूस धरायला तरी. ती गेली नाही.

मागल्या दारी रोगी तपासायच्या टेबलाच्या हिरव्या चादरी सकाळपासून दोरीवर तशाच होत्या. मळभानं त्या वाळल्या नव्हत्या, नुसत्या दमट होत्या. थेंब पडायला लागले. मथुरेनं भराभर चिमटे काढून तोंडात धरले, चादरी खांद्यावर टाकल्या, आणि आत नेऊन पंख्याखाली एकेक पसरायला लागली.